फुसका बार

'ठासून भरणे' म्हटले की ठासणीची बंदूक आठवते, 'फुसका बार' म्हटले की दारूकाम. सभागृह ठासून भरले की संयोजक खूश होतात, वक्त्याचा बार फुसका निघाला की मागच्या रांगा हसतात. रिव्हॉल्व्हर चालवणारा माणूस दोन्हींना भितो. त्यातही फुसक्याला अंमळ जास्तच.

*

रिव्हॉल्व्हरची ख्याती अशी की ते दगा देत नाही. पिस्तुलाला पुढचे काडतूस वर आणायला आधीच्या बाराचा जोर लागतो. तो बार नीट झाला नाही तर पिस्तूल बहुधा तिथेच अडून बसते. रिव्हॉल्व्हरला नुसता बोटाचा जोर पुरतो. चाप ओढला की सिलिंडर फिरते आणि पुढचे घर नळीसमोर येते. आधीच्या बाराचे काय झाले, गोळी बाहेर पडली की नाही, याची त्याला चौकशी नसते. लोक ज्या गुणावर भरवसा ठेवतात, तोच एखाद्या दिवशी उलटतो.

*

काडतुसात दारू घालायचीच राहून गेली, तरी बुडाशी बसवलेली टोपी फुटते. तेवढ्या जोराने गोळी पुंगळीतून सुटते, नळीत शिरते आणि अर्ध्या वाटेत रुतून बसते. आवाज येतो 'टप्प'. हाताला धक्का जवळजवळ नाहीच. शेजारी चार जण गोळ्या झाडत असले आणि कानांवर संरक्षक चढवलेले असले, तर तो टप्पही ऐकू येत नाही. मग पुढचा चाप. मागून आलेल्या गोळीला वाट बंद. नळी फुगते नाहीतर फाटते. नळी टिकली तर हकीकत आणखी चमत्कारिक होते. उभ्या चिरलेल्या नळ्यांची छायाचित्रे आहेत. आत चार-चार, पाच-पाच गोळ्या एकीच्या पाठीला एक चिकटून उभ्या, रेशनच्या रांगेसारख्या.

*

31 मार्च 1993. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन गावी 'द क्रो' या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. आधीच्या एका दृश्यात रिव्हॉल्व्हर जवळून दाखवायचे होते, म्हणून सिलिंडरमध्ये गोळीसकट दिसणारी खोटी काडतुसे हवी होती. ती खऱ्या काडतुसांपासून तयार केली गेली. गोळ्या उपटल्या, दारू ओतून टाकली, गोळ्या परत बसवल्या. टोप्या तशाच राहिल्या. केव्हातरी एक टोपी फुटली आणि गोळी नळीत जाऊन बसली. कोणी नळीतून डोकावून पाहिले नाही. पुढे त्याच .44 मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चित्रीकरणाची काडतुसे भरली. त्यांत गोळी नसते, पण दारू असते. एकात गोळी होती, दारू नव्हती. दुसऱ्यात दारू होती, गोळी नव्हती. दोन अर्धवट काडतुसे मिळून एक पुरे झाले. त्याने ज्याचा जीव गेला तो नायक, ब्रँडन ली, 28 वर्षांचा होता.

*

लहानपणी दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला नाही, की घरातले कोणीतरी ओरडायचे, 'जाऊ नकोस जवळ!' आणि आम्ही हमखास जायचो. उशिरा पेटणारे काडतूस त्याच जातीचे. टोपीवर घाव बसला, बार झाला नाही, पण आत काहीतरी धुमसते आहे. पिस्तुलात ते काडतूस निदान नळीसमोर तरी असते. रिव्हॉल्व्हरच्या मालकाने अधीर होऊन पुन्हा चाप ओढला, तर धुमसते काडतूस नळीच्या बाजूला सरकते, आणि तिथे ते पेटले तर पुढे वाट नाही, समोर नुसते लोखंड.

*

आता ठासून भरण्याविषयी.

1847 चे कोल्ट वॉकर रिव्हॉल्व्हर. वजन दोन किलोंच्या वर. कमरेला न लावता घोड्याच्या खोगिराला लावायचे. एकेका घरात 60 ग्रेन, म्हणजे जवळजवळ चार ग्रॅम काळी दारू मावे. अमेरिकन सैन्याने हजार नग घेतले आणि त्यातल्या अनेकांची सिलिंडरे फुटली. त्या काळचे लोखंड कच्चे, हे एक कारण. दुसरे कारण शिपायांच्या हातात होते. निमुळती गोळी कित्येक जण उलटी, टोक खाली करून बसवत. तशी ती बसवायला सोपी वाटे, आणि टोकाच्या भोवती दारूला जास्तीची जागा मिळे. जागा मिळाली की ती भरायची, हा मनुष्यस्वभाव. कोल्टने पुढच्या नमुन्यात सिलिंडरच आखूड केले. माणसाला सुधारण्यापेक्षा भांडे लहान करणे सोपे.

*

वॉकरची दुसरी खोड गमतीची. गोळी ठासायचा दांडा नळीखाली अडकवलेला असे. बाराच्या धक्क्याने तो निसटून खाली लोंबे, त्याचे टोक सिलिंडरच्या घरात शिरे आणि सगळे जाम. उपाय: कातडी वादीने बांधून टाकणे. कारखान्यात राहून गेलेली चूक रानात सुतळीने निस्तरायची, ही कला आपल्याकडेही आहे.

*

4 जुलै 1925. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन साजरा करायला एल्मर कीथ नावाच्या तरुणाने आपले .45 कोल्ट हवेत झाडले. काडतुसे घरी भरलेली, त्यांवर रायफलची जड गोळी. सिलिंडरच्या वरच्या तीन घरांची छपरे आणि चौकटीची वरची पट्टी उडून गेली. कीथ वाचला. त्याने धडा घेतला, पण तो 'कमी भरा' असा नव्हता. .44 च्या काडतुसाला भोक थोडे लहान लागते, म्हणून तेवढ्याच सिलिंडरमध्ये भिंती जाड राहतात, हे त्याने हेरले. मग तीस वर्षे .44 मध्ये ठासून भरत राहिला. 1955 साली .44 मॅग्नम जन्मले, त्यात त्याच्या हट्टाचा मोठा वाटा.

*

1935 मध्ये .357 मॅग्नम आले तेव्हा त्याची पुंगळी .38 स्पेशलपेक्षा साधारण साडेतीन मिलिमीटर लांब ठेवली. जास्त दारूला जागा हवी म्हणून नव्हे. जागा आधीच्या पुंगळीतही होती. नवे जोरकस काडतूस जुन्या .38 मध्ये शिरूच नये, म्हणून. दोन्हींच्या दाबात दुपटीचा फरक आहे. सूचना कोणी वाचत नाही, पण न शिरणारे काडतूस सगळ्यांना कळते.

*

नावांवर विसंबू नये. .38 स्पेशलची गोळी प्रत्यक्षात .357 इंचांची असते. जुन्या ब्रिटिश लष्करी .38 चे काडतूस वेगळेच: आखूड आणि जाड. दुसऱ्या महायुद्धानंतर ती रिव्हॉल्व्हरे अमेरिकेत विकली गेली, तेव्हा पुष्कळांची घरे .38 स्पेशलसाठी खोल कोरून घेतली. खोली वाढली, रुंदी आधीच जास्त होती. बारीक पुंगळी रुंद घरात फुगते आणि उभी चिरते. मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला होतो. इथे उलटा प्रकार, सदऱ्यापायी अंगच फाटते.

*

.38 स्पेशल काळ्या दारूच्या काळातले. पुंगळीत 21 ग्रेनच्या आसपास काळी दारू मावे. नंतरच्या जलद धूरहीन दारूची, निशाणीच्या हलक्या काडतुसाला, 2.7 ग्रेन पुरते. वजनात पावणेदोनशे मिलिग्रॅम, चिमूटभरसुद्धा नाही. ती पुंगळीच्या तळाशी कुठेतरी पडून राहते. हात चुकून तीच पुंगळी पुन्हा भरली गेली, तरी वरून रिकामीच दिसते. तिसऱ्यांदा भरली तरी मावते. घरी काडतुसे भरणारे जाणते लोक म्हणूनच गप्पा मारत भरत नाहीत आणि गोळ्या बसवण्यापूर्वी सगळ्या पुंगळ्या ओळीने लावून उजेडात डोकावून पाहतात. स्वयंपाकात मीठ दोनदा पडले तर निदान जिभेला कळते.

*

लंडनच्या बंदूककारांची संस्था 1637 ची, बर्मिंगहॅमचे परीक्षागृह 1813 चे. तिथे जाणूनबुजून जास्त दाबाचे काडतूस नव्या शस्त्रात उडवतात. युरोपातल्या आजच्या नियमांप्रमाणे रिव्हॉल्व्हरसाठी दाब 30 टक्क्यांनी जास्त. टिकले तर शिक्का. शिक्का पाहून काहींना वाटते की एवढे अधिक रोज चालेल. परीक्षा एकदाची असते. रोज बोर्डाचा पेपर दिला तर विद्यार्थीही मोडेल.

*

जगभरच्या काडतूससंग्राहकांना 'केएफ' ही दोन अक्षरे ठाऊक असतात. पुंगळीच्या बुडावर उमटलेली. के म्हणजे किर्की, आपली पुण्याची खडकी. तिथला दारूगोळा कारखाना 1869 चा.

आपल्याकडे परवान्यावर काडतुसे मोजकी मिळतात, म्हणून ती वर्षानुवर्षे जपली जातात. बहुतेकदा चामड्याच्या पट्ट्यात, कारण शोभून दिसते. चामडे आणि पितळ यांचे जमत नाही. दमट हवेत पुंगळीवर हिरवा गंज चढतो. कोकणातल्या चार महिन्यांत तर विचारूच नका. वर कोणी प्रेमाने तेल चोळतो, ते झिरपत टोपीपर्यंत पोचते. जपून ठेवलेले असे काडतूस ऐन वेळी 'टप्प' करते.

*

टप्प झाले तर करायचे काय? नळीचे तोंड समोर, बोट चापावरून दूर, अर्धा मिनिट काही नाही. तीस आकडे सावकाश म्हणायचे. मग सिलिंडर उघडायचे, सगळी घरे रिकामी करायची, नळीच्या मागच्या टोकाशी नख धरायचे आणि पुढून आत पाहायचे. नखावर उजेड दिसला, तर वाट मोकळी.

विल्मिंग्टनला एवढेच राहून गेले.