नीरेकाठची सावकाश पावले

पुण्याहून येताना इंदापूर मागे पडते, सराटीपाशी नीरेचा पूल लागतो, पुणे जिल्हा संपतो आणि पलीकडे अकलूज दिसू लागते. एरवी हा प्रवास बोलता बोलता सरतो. परंतु पाठीतील स्क्रू आणि सळ्या काढून आपण नुकतेच रुग्णालयातून निघाला असाल, तर वाटेतला प्रत्येक गतिरोधक मोजला जातो. चालकाला आधीच सांगून ठेवावे. तासाभराने गाडी थांबवून चार पावले टाकावीत. पायात रक्त साकळू नये म्हणूनही हे थांबणे हवे.

घरी भेटीला येणारा प्रत्येक जण विचारील, ‘मणके जुळले होते ना, मग पुन्हा कापाकापी कशाला?’ मणके जोडताना बसवलेला धातू हा बांधकामातील पराती-फळ्यांसारखा आधार असतो. हाड पक्के जुळल्यावर त्याचे काम संपते. तरीही तो सहसा आतच राहू देतात. स्क्रू सैल झाला, मोडला, त्वचेखाली टोचू लागला किंवा जंतुसंसर्ग झाला, तरच तो काढण्याचा विचार होतो. धातू निघाला तरी जुळलेले मणके जुळलेलेच राहतात. तेथील वाकणे परत येत नाही. आणि सगळे दुखणे त्या धातूचेच होते, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. हे शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट बोललेले बरे.

पहिले काही दिवस आपले अकलूज म्हणजे घराचे अंगण. कुशीवर वळून, हाताच्या आधाराने उठावे; कमरेत पीळ देऊ नये. जमिनीवरचे अंथरूण आणि उकिडवे बसण्याचा संडास तूर्त विसरावा; कमोडची खुर्ची आणण्यात कसला आला कमीपणा? वेदनाशामक गोळ्यांनी मलावरोध होतो, म्हणून पाणी आणि भाजी पुरेशी असावी. तंबाखूची पुडी मात्र घराबाहेर जाऊ द्यावी; हाड भरून येण्यास ती अडथळा करते, आणि स्क्रूच्या जागी राहिलेली छिद्रे भरण्यास काही महिने लागतात.

डॉक्टरांनी मोकळीक दिली की पहाटे नीरेकाठच्या भुईकोट किल्ल्याकडे निघावे. आतल्या शिवसृष्टीतील शिल्पे पाहण्याचा मोह होईल. पायऱ्यांची परवानगी नसेल तर बाहेरूनच तटाकडे पाहावे आणि परतावे. काल जेवढे चाललो त्याहून थोडेसेच अधिक, एवढाच हिशेब. उसाच्या हंगामात शंकरनगरच्या कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर धावतात. अशा वेळी मोठा रस्ता टाळून आतल्या गल्लीतली फेरी उत्तम. सोबत चालणाऱ्याने हात धरून ओढू नये, केवळ जवळ असावे.

आषाढवारीत तुकोबांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला येते, तेव्हा खरी परीक्षा असते. जन्मभर पादुकांवर डोके ठेवलेल्या माणसाला ‘वाकू नका’ असे सांगणे सोपे नाही. घरच्यांनी हे दटावून सांगू नये. गोल रिंगणात अश्व दौडतात तेव्हा गर्दी लोटते, एखादा धक्काही लागतो; म्हणून हाताची खुर्ची घेऊन आधीच कडेला, सावलीत जागा धरावी. पालखी समोर आली की उभे राहून, पाठ सरळ ठेवून, हात जोडावेत.

त्या धामधुमीतही जखमेकडे लक्ष असू द्यावे. ताप, जखमेतून पाणी वा पू, पोटरीची सूज दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पायातील जोर ओसरला, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

दुसऱ्या दिवशी पालखी माळीनगरला उभ्या रिंगणासाठी निघते. तिथवर जाण्याचा आग्रह आपण यंदा धरू नये. दारातून टाळांचा आवाज दूर जाईपर्यंत उभे राहता आले, तर त्या आठवड्याचे चालणे पुरे झाले असे समजावे.