मंडळाची पेटी घेताना

जयंतीला महिना-दीड महिना उरला की आमच्या धानोऱ्यासारख्या गावांतूनही गायन मंडळांची जुळवाजुळव सुरू होते. भीमराव कर्डकांनी जलशांतून आणि वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) गावोगाव फिरून बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून घराघरांत नेला. त्या वाटेने जायला पोरांचे गळे तयार आहेत. अडते ते पेटीपाशी. रोजंदारीवरच्या घरांच्या वर्गणीतून नवी पेटी, नवा अ‍ॅम्प्लिफायर येत नाही. मग कुणीतरी बातमी आणतो, नंदुरबारला एकाच्या घरी पेटी पडून आहे, सुरतेला एक पार्टी सामान काढते आहे.

मला गाता येत नाही. पण मंडळाची हिशेबवही माझ्याकडे, म्हणून अशा खरेदीला मी सोबत जातो.

मागे एक जुने गायक वारले आणि त्यांच्या पत्नीने पेटी विकायला काढली. आम्ही गेलो, जयभीम झाला, चहा झाला. "तुमच्या मनाला येईल ते द्या," म्हणाल्या. आपलीच माणसे, आता तपासायचे काय आणि पावती मागायची कशी, असे पोरांना वाटले. मी म्हटले, "मावशी, तासभर वाजवून पाहतो. भाव ठरला की कागद करू."

"करा की भाऊ. उद्या माझ्या लेकांनी विचारलं तर मलाही दाखवायला पाहिजे."

संकोच पोरांना होता, मावशींना नव्हता. आपल्याकडची किती मंडळे गाण्यावरून मोडली आणि किती पैशावरून, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

पेटी दिवसाउजेडी पाहावी. सर्व पट्ट्या सोडून भाता भरावा. तो भराभर खाली बसला तर हवा कुठून तरी निसटते आहे. उंदीर आणि कसर भात्याच्या घड्यांतच शिरतात, तिथे बोट फिरवावे. मग एकेक पट्टी सावकाश दाबून ऐकावी. मुका सूर कधी नुसत्या धुळीने बंद असतो, पण चिरलेला सूर बदलावाच लागतो आणि बदललेला बाकीच्यांशी जुळवून घ्यावा लागतो. पेटी दुरुस्त करणारा ओळखीचा असेल तर त्याला भाडे-चहा देऊन सोबत न्यावे. मावशींच्या पेटीत तीन सूर बिघडलेले निघाले. कारागिराने सांगितला तेवढाच खर्च आम्ही भावातून वजा केला. बाई अडचणीत आहे म्हणून आणखी पाडून मागणे मला पटले नाही.

ढोलकीची पुडी नवी बसवता येते, खोडाला चीर मात्र नको. अ‍ॅम्प्लिफायर आपला माइक लावून निदान अर्धा तास चालवावा. मिरवणुकीसाठी घेत असाल तर बॅटरीवरही चालवून पाहावा. कर्ण्यातून खरखर आली तर वायर बदलून पुन्हा ऐकावे.

बी.कॉम.ला १९३० चा वस्तूविक्रीचा कायदा होता, तो इथे उपयोगी पडला. विकणाऱ्याचीच मालकी नसेल तर साधारणपणे घेणाऱ्यालाही ती मिळत नाही. खरा मालक आला की वस्तू जाते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून कागदावर वस्तूचे वर्णन, नंबर असल्यास नंबर, किंमत, तारीख आणि 'ही माझ्या मालकीची असून कुठे गहाण नाही' हे वाक्य हवे. खाली दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार.

मोबाइलवर फोटो पाहून आगाऊ पैसे पाठवू नयेत. 'मी लष्करात आहे, बदली झाली म्हणून स्वस्तात देतो' असे सांगून लुबाडणारे देशभर आहेत. विकणाऱ्याने वस्तू दाखवायला टाळाटाळ केली की तिथेच थांबावे. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे तरुण पोरांनाही पुन्हा सांगावे लागते.

एका गावी विकणाऱ्याने आधी आडनाव विचारले आणि मग भाव चढवला. तिथून आम्ही पेटीला हात न लावता उठलो.

झालेला कागद वहीत चिकटवावा आणि जयंतीच्या हिशेबाच्या बैठकीत सर्वांसमोर वाचून दाखवावा. ज्या माउलीने दहा रुपये दिले, तीही तिथे बसलेली असते.