एकटीने जायचे, तर कुठे?

अनसिंगला रेल्वे नाही. गाव वाशिम-पुसद रस्त्यावर आहे, म्हणून इथून निघणाऱ्या बाईपुढे मुख्यतः दोनच दिशा असतात. वाशिमकडे गेले की अकोला, हिंगोली, नांदेड आणि आगगाडी. पुसदकडे गेले की यवतमाळ जिल्हा. दहावी-बारावीचे निकाल लागले की जुन्या विद्यार्थिनींच्या आया मला गाठतात. "आपा, लातूरला एकटीला पाठवू का? हैदराबाद चालेल? पुणे तर नकोच ना?" प्रश्न नेहमी शहराच्या नावाचा असतो. आता थोरल्या बायकाही विचारू लागल्या आहेत. मुले मोठी झाली, हातात थोडे पैसे आहेत, चार दिवस कुठे जाऊन यावे असे वाटते; पण नवऱ्याला सुटी नाही आणि भाऊ सौदीत.

प्रशिक्षण, पेपर तपासणी, नातेवाइकांचे आजारपण अशा कामांसाठी मी वीसेक वर्षे एकटी फिरते आहे. त्या अनुभवावरून सांगते, शहराच्या नावावरून काही कळत नाही. मी तीनच गोष्टी विचारते. आपण तिथे किती वाजता उतरणार, त्या वेळी स्टँडवर बायका असतात का, आणि स्टँडपासून खोलीपर्यंतचा शेवटचा रस्ता कसा आहे? ज्या गावाबद्दल या तिन्हींची उत्तरे मिळतात, ते गाव जाण्याजोगे.

तुम्ही म्हणाल, स्वारगेट तर पुण्याच्या मध्यभागी आहे, तिथे माणसांना काय तोटा? खरे आहे. 25 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे त्या आगारात फलटणच्या एसटीची वाट पाहणाऱ्या तरुणीवर उभ्या शिवशाही बसमध्ये अत्याचार झाला. "ताई" म्हणून तिला हाक मारली, गाडी तिकडे लागली आहे असे सांगितले आणि अंधाऱ्या बसकडे नेले, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. नंतर ती ओरडली का नाही, असेही विचारले गेले. मला तो प्रश्नच चीड आणणारा वाटतो. विचारायचे होते ते हे की रिकामी बस उघडी कशी राहिली आणि पहारेकरी कुठे होते. सरकारने पुढे तिथले सुरक्षारक्षक बदलायचे ठरवले आणि आगारात पडून असलेल्या भंगार गाड्या हलवण्याचे आदेश दिले. म्हणजे खोट कुठे होती हे त्यांनाही ठाऊक होते.

आपल्या मोहल्ल्यांत मात्र या बातमीचा अर्थ वेगळाच लावला गेला. मुलीला पुण्याला पाठवायचे नाही, असे ठरून गेले. एखादीचा प्रवेश तेवढ्यावर राहतो. गाडीची वेळ बदलून काम भागले असते तिथे आयुष्याची वाट बदलली जाते. म्हणून हे लिहिते आहे.

वेळ सगळ्यात आधी. आपल्याकडे रात्रीच्या ट्रॅव्हल्सची फार आवड. झोपेत प्रवास होतो, दिवस वाचतो. 1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली अशीच खासगी बस उलटून पेटली आणि 25 जण गेले. हा भाग आपल्याला परका नाही. अपघात दिवसाही होतात, पण रात्रीच्या गाडीचे आणखी एक असते. ती पहाटे चारला कुठल्या तरी पुलाखाली उतरवते. रिक्षावाला एक आणि उतारू आपण एकटी. मी सकाळची एसटी धरते. एक दिवस जातो, जाऊ द्यावा. उजेडात पोहोचले की चुकलेला रस्ताही विचारता येतो.

एसटीबद्दल थोडे जास्त लिहिते. 17 मार्च 2023 पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळाली. पैसे वाचले ही गोष्ट लहान, बसचा चेहरा बदलला ही मोठी. पूर्वी आमच्या मार्गावरच्या गाडीत पाच-सहा बायका असायच्या. आता कित्येकदा अर्धी बस बायकांची असते. भाजी घेऊन निघालेली, दवाखान्यात चाललेली, माहेरून परतणारी. अशा गाडीत कोणी उगाच सरकून बसायला लागला तर बोलावे लागत नाही, मागच्या सीटवरची आजीच बोलते. सुरक्षेच्या कितीतरी योजना कागदावर पाहिल्या. एवढे काम कुठल्याच योजनेने केले नाही.

रेल्वेत एक कायदा आपल्या बाजूने आहे आणि तो फार कमी जणींना माहीत आहे. रेल्वे कायदा 1989, कलम 139. सोबत पुरुष नसलेल्या बाईकडे तिकीट नसले तरी तिला वाटेल त्या स्टेशनवर उतरवता येत नाही. जिथून ती बसली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचे स्टेशन किंवा जिल्ह्याचे ठिकाण, एवढ्याच जागी आणि तेही दिवसाच. फुकट फिरा असे मी म्हणत नाही! पर्स चोरीला गेली, तिकीट हरवले, तर रात्री दोनला आडगावच्या फलाटावर कोणी उतरवू पाहील, तेव्हा हे कलम सांगायचे. योगायोगाने रेल्वेचा मदत क्रमांकही 139 आहे. पोलिसांसाठी 112. वाईट प्रसंग आलाच तर तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या फौजदारी संहितेत ते स्पष्ट लिहिले आहे.

आता दीनचा प्रश्न, कारण घरात तोच आधी निघतो. हनफी मतात साधारण 77-78 किलोमीटरपलीकडच्या सफरीला महरम हवा. कोकणातले आपले भाऊबंद शाफई आहेत. त्या मतात फर्ज हजसाठी विश्वासू स्त्रियांची सोबत पुरेशी मानली गेली. मी आलिमा नाही, फतवा देणार नाही. ज्यांनी आपल्या उलेमांना विचारून महरमशिवाय न जाण्याचे ठरवले, त्यांचा मला आदर आहे. पण एक हदीस सगळ्यांनी लक्षात ठेवावी. हातिमताईचे नाव लहानपणी ऐकले नाही असे कोण आहे? त्यांचे चिरंजीव हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले होते की तुम्हाला आयुष्य लाभले तर हीराहून निघालेली बाई काब्याचा तवाफ करायला येताना तुम्ही पाहाल आणि तिला अल्लाहशिवाय कोणाचे भय नसेल. अदींनी पुढे सांगितले की आपण ते डोळ्यांनी पाहिले. हीरा म्हणजे इराकात, कूफ्याजवळ. मक्का तिथून हजार किलोमीटरहून जास्त. रस्ता निर्धोक झाल्याची खूण म्हणून बाईच्या एकट्या प्रवासाचे उदाहरण दिले गेले, हे मला फार मोठे वाटते.

त्याच कूफा-मक्का वाटेवर पुढे खलिफा हारून रशीद यांच्या पत्नी जुबैदा यांनी विहिरी, तलाव आणि मुक्कामाच्या जागा करवल्या. आजही ती वाट दर्ब जुबैदा म्हणून ओळखली जाते. त्या बाईने उपदेश केला नाही, पाण्याची सोय केली. आपल्या एसटी स्टँडवरच्या स्वच्छतागृहाला कुलूप दिसले की मला हमखास जुबैदा आठवतात. एकट्या बाईचा अर्धा त्रास तिथेच असतो. ती सकाळपासून पाणी पीत नाही.

भारतात 2018 मध्ये 45 वर्षांवरील स्त्रियांना चौघींच्या गटाने महरमशिवाय हजला जाण्याची मुभा मिळाली. 2023 मध्ये अशा चार हजारांहून अधिक जणी गेल्या. त्या जूनमध्ये कोझिकोडहून 145 हाजींचे विमान उडाले, त्यात सगळ्या स्त्रियाच होत्या, चालक आणि कर्मचारीही. जी खाला मक्का-मदिना करून आली, तिला नांदेडची भीती कशाला घालायची?

आपल्याला आणखी एक काळजी असते आणि ती लपवून उपयोग नाही. बुरखा किंवा हिजाब घातलेली बाई एकटी असेल तर तिच्याकडे दोन कारणांनी पाहिले जाते. 31 जुलै 2023 रोजी जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्याच जवानाच्या गोळीबारात त्याचा वरिष्ठ आणि तीन मुस्लिम प्रवासी मारले गेले. त्यानंतर कितीतरी घरांनी रेल्वेचे नाव टाकले. याच दलाचे 'मेरी सहेली' पथक एकट्या बायकांची डब्यात येऊन चौकशी करते, हेही खरे. दोन्ही गोष्टी मनात ठेवूनच मी प्रवास करते. निघण्याआधी दोन दिवस त्या जिल्ह्याचे वर्तमानपत्र वाचते. मिरवणूक, बंद, निवडणूक, जुना वाद उकरलेला असला तर तारीख पुढे ढकलते. मार्च 2025 मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला आणि खुलताबादला बंदोबस्त लागला, तेव्हा तिकडे जाण्यात शहाणपण नव्हते. एरवी मी खुलताबाद सुचवतेच.

खोलीचे फोनवर पक्के करावे. "मी एकटी महिला आहे, खोली मिळेल ना?" असे सरळ विचारायचे. एका शहरात मला ओळखपत्र पाहूनही लॉजवाल्याने "फॅमिली असेल तरच" म्हणून परत पाठवले होते. तो नकार संध्याकाळी स्टँडवर ऐकण्यापेक्षा सकाळी घरी ऐकलेला बरा.

मग कुठे? हैदराबाद मला सगळ्यात सोपे वाटते. वाशिमहून रेल्वेने हिंगोली, नांदेड करत जाता येते, भाषेची अडचण नाही, आणि चारमिनारजवळच्या लाड बाजारात रात्रीही बुरख्यातल्या बायका बांगड्यांचा भाव करत असतात, तुमच्याकडे वळून कोण पाहणार! 2014 पासून तिथे पोलिसांची 'शी टीम्स' पथके आहेत. पण ते दूर आहे. पहिल्याच सफरीसाठी औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, निवडावे. वाशिमहून मेहकर, सिंदखेडराजा, जालना असा दिवसाचा रस्ता. सकाळी निघून उजेडात पोहोचता येते. बीबी का मकबरा एका स्त्रीचा आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू तिथे विसावली आहे, मुलगा आजमशाह याने तो बांधवला. आवारात सहलीच्या मुली, आया, लेकुरवाळ्या भरपूर. तिथून पाणचक्की जवळ आहे. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून त्यावर जाते फिरवले आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळले. तो दर्गा ज्यांचा आहे त्यांचे नाव बाबा शाह मुसाफिर. दुसऱ्या दिवशी वेरूळ, आणि तिथून चारेक किलोमीटरवर खुलताबाद. एसटी आहे, रिक्षा ठरवली तर परतीचे भाडे आधी बोलून घ्या आणि दुपारी चारनंतर तिथे रेंगाळू नका. वेरूळ मंगळवारी बंद असते, अजिंठा सोमवारी. म्हणून बुधवारी निघावे, गुरुवार-शुक्रवार फिरावे आणि शनिवारच्या सकाळच्या गाडीने परतावे, म्हणजे रविवारी कपडे धुऊन सोमवारी शाळेत हजर राहता येते.