पाकिटात उरलेल्या गोळ्या

डॉक्टरांनी माझ्या पर्समधली पाकिटं घेतली, टेबलावर ओळीनं मांडली आणि राहिलेल्या गोळ्या बोटानं मोजल्या. तीस दिल्या होत्या. पस्तीस दिवस झाले होते आणि तेरा शिल्लक होत्या. बीपी भरलं होतं 172 वर 98. "बाई, गोळी लागू पडत नाही म्हणता, पण ती पोटात गेली किती वेळा?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी खरं ते सांगून टाकलं. ज्या दिवशी परभणीला बैठक, त्या दिवशी गोळी नाही. लग्नाला जायचं असलं की नाही. सोयाबीन काढायला दिवसभर शेतात राहायचं असलं तरी नाही. पेडगावहून निघालेली बाई संध्याकाळी घरी येईपर्यंत कुठे मोकळी होणार, हा हिशोब मी वयात आल्यापासून करत आले आहे. आणि या गोळीला आमच्याकडे सगळे म्हणतात 'लघवीची गोळी'. आईला दम लागायचा, पायाला सूज यायची, तेव्हा तिला लॅसिक्स होती. गोळी घेतली की तासाभरात तिची धावपळ सुरू व्हायची. मी तेच डोळ्यांपुढे धरून बसले होते. वर पाणीही कमी प्यायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतकी वर्षं शिकवते, लेकरांना उन्हात पाणी प्या म्हणून सांगते, आणि स्वतः मधल्या सुट्टीपर्यंत दोन घोट.

डॉक्टरांनी कागदावर मूत्रपिंड काढून दाखवलं. मूत्रपिंड रक्तातलं मीठ गाळतं आणि त्यातलं बहुतेक परत आत घेतं. गोळी हे परत घेणं थोडं कमी करते. मीठ बाहेर पडतं, त्याच्यासोबत पाणी. माझी गोळी क्लोरथॅलिडोन, साडेबारा मिलिग्रॅमची. हिच्यानं सुरुवातीचे काही आठवडे लघवी जास्त होते, मग शरीर जुळवून घेतं. त्यानंतर बीपी आटोक्यात राहतं ते मुख्यतः रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळे. लॅसिक्स झटपट काम करते आणि सहा तासांत ओसरते. हिचा असर मात्र एका दिवसाहून जास्त टिकतो. म्हणजे काल घेतलेली गोळी आजही अंगात असते. सकाळची गोळी बुडवून मी त्या दिवशीचा त्रास टाळतच नव्हते, फक्त बीपी वाढवून घेत होते. हे ऐकलं आणि माझं मन तिथंच फिरलं.

मला ही गोळी जुनीपानी, स्वस्तातली, गरिबाला द्यायची वाटायची. तेही चूक निघालं. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तेहेतीस हजारांवर रुग्णांमध्ये याच क्लोरथॅलिडोनची नव्या, महाग गोळ्यांशी तुलना केली होती. ही कुठे कमी पडली नाही. हृदय निकामी होणं टाळण्यात तर पुढे राहिली. आपल्याकडे 2017 साली महाराष्ट्रासह पाच राज्यांत बीपीसाठी जो सरकारी उपक्रम सुरू झाला, त्याच्या औषधांतही अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांच्याबरोबर हीच आहे.

आता दुसरी कबुली, आणि ही मला जास्त बोचते. मन फिरल्यावर मी नेमानं गोळी घेऊ लागले, पण बाकीचं डॉक्टरांना सांगितलंच नाही. गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून घ्यायचे. शिकवून घसा बसतो म्हणून दिवसभर ज्येष्ठमधाची काडी तोंडात. दोन्ही गोष्टी मला औषध वाटतच नव्हत्या. दुखण्याच्या अशा गोळ्या बीपीच्या औषधाचा असर मारतात. सोबत टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असली, आणि मला ती आहे, तर मूत्रपिंडावर भार पडतो. ज्येष्ठमधानं बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. पोटॅशियम तर क्लोरथॅलिडोनची गोळी आधीच बाहेर काढत असते. रात्री पोटरीत गोळे येऊन मी उठून बसायचे, त्याचं कारण मी म्हातारपण धरलं होतं.

मग मे महिना आला. परभणीचा मे, पारा चव्वेचाळीसच्या वर. एका लग्नातून आले आणि जुलाब लागले. आता एकही गोळी बुडवायची नाही असं ठरवलं होतं, म्हणून त्या दोन दिवसांतही घेतली. तिसऱ्या दिवशी पहाटे बाजेवरून उठले आणि डोळ्यांपुढे अंधार आला. भिंत धरली म्हणून पडले नाही. मुलीनं डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळी थांबवायला सांगितली, ओआरएस सुरू केलं, रक्त तपासलं. सोडियम आणि पोटॅशियम, दोन्ही उतरलेले. पाच दिवसांनी त्यांनीच गोळी पुन्हा सुरू केली. जुलाब, उलट्या, ताप असला की त्याच दिवशी विचारायचं, हे तेव्हा कळलं.

आता सकाळी सात वाजता चहाबरोबर गोळी. बाहेर जायचं असलं तर परत आल्यावर दुपारी घेते. चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घेत नाही. उठताना आधी काठावर बसते. ठरवून दिलेल्या वेळी सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासते. पोटॅशियमसाठी केळी, नारळपाणी, कमी सोडियमचं मीठ आपल्या मनानं वाढवत नाही, कारण टेल्मिसार्टन पोटॅशियम राखून ठेवतं. शेंगदाण्याच्या चटणीत मीठ निम्मं केलं आहे. गेल्या महिन्यात बीपी 134 वर 82 भरलं.

एक विनंती आहे, ती घरातल्या मुलांना, सुनांना, नवऱ्यांना. तुमच्या घरातल्या बाईच्या पाकिटात गोळ्या उरल्या असतील तर तिला रागावू नका. कोणत्या दिवशीच्या उरल्या ते विचारा. लग्नकार्य तुमचं असेल तर मांडवाबरोबर बायकांच्या सोयीची जागाही आधी बघा. आणि ती दवाखान्यात जाईल तेव्हा घरातली सगळी औषधं, काढे आणि काड्यासुद्धा एका पिशवीत घालून तिच्यासोबत द्या.