कोळी, नदी आणि ‘औषध’

आमच्या गावात कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाही. ‘औषध’ म्हणतात. औषध आणायचे, पंपात भरायचे आणि पिकावर ‘मारायचे’. औषध मारणे या शब्दप्रयोगातला विरोधाभास भाषेचा शिक्षक होऊनही पुष्कळ वर्षे माझ्या ध्यानात आला नव्हता.

गाव भीमेच्या काठी, शिरूर तालुक्यात. समोरचा काठ दौंडचा. लहानपणी अण्णा फवारणी करून आले की नदीवर पंप धुवायला मी त्यांच्याबरोबर जात असे. पाणकणसांच्या पात्यांमध्ये लांब पायांच्या कोळ्यांनी पाण्यावर आडवी जाळी विणलेली असत. संध्याकाळी पाण्यातून वर येणारी चिलटे त्यांत अडकत. पलीकडे होडीतून जाळे टाकणारे, तेही कोळीच. कोणी कोणाचे नाव घेतले, हा तेव्हाचा माझा प्रश्न.

पुढे वर्गात उपनिषदांतल्या प्रतिमा शिकवताना मुंडकोपनिषदातला ऊर्णनाभ येई. कोळी आपल्यातूनच तंतू काढतो आणि आपल्यातच परत घेतो, तसे अक्षरापासून विश्व. परत घेण्याची गोष्ट निसर्गातही खरी आहे. चक्राकार जाळी विणणारे अनेक कोळी जुने जाळे खाऊन नवे विणतात. पण ‘आपल्यातूनच’ या शब्दाशी मी आता अडखळतो. कोळ्याचा तंतू त्याने खाल्लेल्या चिलटातून येतो. चिलटाची अळी नदीच्या गाळात वाढते. आणि त्या गाळात पावसाबरोबर आमच्या शेताचे औषध उतरते.

विषाचा परिणाम जाळ्यावर वाचता येतो, हे नवे ज्ञान नाही. पीटर विट यांनी १९४८ पासून कोळ्यांना निरनिराळी द्रव्ये देऊन त्यांच्या जाळ्यांची बिघडणारी भूमिती मोजली. कीटकनाशकांच्या प्रयोगांतही हेच दिसले: मात्रा मारक नसली तरी जाळी लहान किंवा विस्कळीत होतात, शिकार मंदावते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधे मज्जातंतूंतील ज्या विकराला रोखतात, तो विकर कोळ्यात आहे आणि माणसातही. फवारणीच्या रात्री अण्णा न जेवता, डोके धरून भिंतीकडे तोंड करून पडत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा ती भिंत मला पुन्हा दिसली.

आता काठावर जाळी विरळ दिसतात. माझे पाहणे हा पुरावा नव्हे. शिवाय मुळा-मुठेतून पुणे शहराचे सांडपाणीही खाली याच भीमेला मिळते. सगळा दोष शेतावर टाकणे सोयीचे, पण अन्यायाचे होईल. तरी आमचा वाटा आमचाच.

हे मी अण्णांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “तुझ्या कोळ्याला कांद्याचा भाव विचार.” माझ्या शिक्षणाचा खर्च त्याच कांद्याने भागवला होता, मी गप्प राहिलो. मग त्यांनीच आठवण काढली. २००२ नंतर उसावर लोकरी मावा आला होता. आधी लोकांनी औषधे मारली. पुढे माव्याला खाणाऱ्या मित्रकिडींनी तो आटोक्यात आणला. “तेव्हा साहेब लोक सांगायचे, मारू नका, थांबा. थांबायला धीर लागतो, आणि धीराला घरात दाणे लागतात,” ते म्हणाले.

या वाक्यावर मला अजून उत्तर सापडलेले नाही. ऊर्णनाभाची प्रतिमा मी अजूनही शिकवतो, मात्र आता चिलटासकट आणि गाळासकट.

गेल्या दिवाळीत अण्णांनी पंप नदीवर न नेता शेतातच धुतला. पाणी शेवटी कुठे जाते, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते. संध्याकाळी मी काठावरून परतलो, तेव्हा त्यांनी वर न पाहताच विचारले, “किती दिसली रे जाळी?”