पेव्हर ब्लॉकवरचा राजगड

दिवाळीच्या आठवडाभर आधी पुण्याहून मोहोळला उतरलं, की पहिलं काम म्हणजे चिखल! अमेरिकेत हॅलोविनला अंगणं सजतात. आमच्याकडे साधारण त्याच दिवसांत किल्ला होतो. पण गेल्या दिवाळीत पंचाईत सॉलिड. घरच्यांनी हौसेनं अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवलेले. माती आणायची कुठून?

शेवटी चुलत्यांच्या रानातून चार घमेली काळी माती आणली. भिजली की ही लोण्यासारखी, वाळली की भेगाच भेगा. म्हणून आधी दगड-विटा, त्यावर ओलं गोणपाट, मग भुसा कालवलेला चिखल. (आजी म्हणाली, शेणही घाल. घातलं!) वर अळीव पेरले, दिवाळीपर्यंत हिरवेगार.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातला तमिळनाडूतला जिंजी करावा, असं माझं मत. पुतण्या राजगडावर अडलेला. "काका, राजगडाला तीन माच्या असत्यात की!" हरलो.

रात्री परतीचा पाऊस आला. ताडपत्री घेऊन दोघं धावलो. पद्मावती आणि सुवेळा वाचल्या, संजीवनी गेली. सकाळची पुण्याची बस मी सोडून दिली.