फाइल कुणाच्या हातात?

ओपीडीबाहेरच्या बाकावर आई बसलेली असते आणि तिची फाइल घेऊन मुलगा आधी एकटाच आत जातो. “डॉक्टर, आईला काही सांगू नका हं, धसका घेईल.” ही विनंती आपल्याकडच्या कुठल्याही कॅन्सरतज्ज्ञाला नवी नाही. मग घरात एक नवी भाषा सुरू होते. कॅन्सरची ‘साधी गाठ’ होते, केमोचं ‘सलाइन’ होतं, बायोप्सीचा रिपोर्ट कपाटात साड्यांच्या घडीखाली जातो आणि भेटायला आलेल्या मावशीला दारातच पढवलं जातं. यामागे माया असते, याबद्दल शंका नाही. पण या मायेने आजारी माणसाचं दुःख कमी होत नाही. त्याला ते एकट्याने भोगावं लागतं, एवढाच फरक पडतो.

मुळात हे गुपित टिकतच नाही. परळचं टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं रुग्णालय 1941 साली सुरू झालं. आज “त्यांना टाटाला नेलंय” एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचं विचारावं लागत नाही. जे शेजाऱ्याला कळतं ते पेशंटला कळणार नाही? उपचारांसाठी येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या पेशंटला शेजारच्या खाटेवरचा माणूसच आपला आजार सांगतो. केमोच्या अनेक औषधांनी दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. सकाळी उशीवर पडलेला पुंजका साध्या गाठीच्या गोष्टीवर विश्वास ठेवू देत नाही. तरी आई विचारत नाही, कारण मुलांना वाईट वाटेल. मुलं सांगत नाहीत, कारण आईला वाईट वाटेल. बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी रुग्णालयांतल्या मरणासन्न रुग्णांचं निरीक्षण करून 1965 साली पुस्तक लिहिलं. दोन्ही बाजूंना सगळं ठाऊक असताना दोघांनीही ठाऊक नसल्याचं सोंग वठवायचं, या प्रकाराची त्यांनी त्यात स्वतंत्र नोंद केली आहे. हे सोंग आपल्याला नीट जमतं. पण त्यात एकमेकांशी बोलायचे महिने निघून जातात.

पहिला आक्षेप धसक्याचा. ती भीती खोटी नाही. असं निदान ऐकून माणूस कोसळतो, रात्र रात्र झोपत नाही. पण न सांगण्याचीही किंमत असते, आणि ती मोजायची आपल्याला सवय नाही. “साध्या गाठीला एवढ्या उलट्या कशाला सोसायच्या?” म्हणून कुणी उपचार अर्धवट सोडू पाहतं, तेव्हा त्याला थांबवायला आपल्याकडे खरं कारणच उरलेलं नसतं. बँकेतलं नॉमिनेशन, जमिनीचे कागद, दुरावलेल्या भावाशी दोन शब्द, एकदा गावाकडे जाऊन येणं ही कामं दिवस मोजके असू शकतात हे कळल्याशिवाय कुणी हातात घेत नाही. आणि वेळेवर सापडलेले कितीतरी कॅन्सर आज बरे होतात. अशा वेळी आजाराचं नाव लपवून आपण उपचारांआधीच फाशीची शिक्षा सुनावल्यासारखं वागतो.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. ‘पेशंटचा हक्क’ ही पाश्चात्त्य कल्पना, आपल्याकडे निर्णय घर मिळून घेतं, असं म्हणतात. पण 1961 साली अमेरिकेत डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारलं, तेव्हा सुमारे 90 टक्के जण कॅन्सरचं निदान पेशंटला न सांगण्याकडे झुकलेले होते. 1979 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका रुग्णालयात तेच प्रश्न विचारले गेले, तर 97 टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. पाहण्या दोन ठिकाणच्या असल्या, तरी न सांगणं हा पूर्वेचा पिढीजात स्वभाव नव्हे, सुटू शकणारी सवय आहे, एवढं त्यातून दिसतं. शिवाय आपला कायदाही वेगळं सांगत नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली निकाल दिला. भुलीखाली असलेल्या सज्ञान मुलीच्या वतीने आईने शस्त्रक्रियेला दिलेली संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. तातडीचा प्रसंग नसेल तर मुलगी शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं, असं म्हटलं. आणि घर मिळून निर्णय घेतं म्हणताना ज्याचं शरीर आहे त्यालाच बाहेर बसवायचं, तर ते कसलं ‘मिळून’?

तिसरा आक्षेप मात्र मी मान्य करतो. काहींना खरोखरच कळून घ्यायचं नसतं आणि तोही त्यांचा हक्क आहे. पण ‘मला नको’ हे आईने म्हणायचं असतं, तिच्या वतीने आपण नव्हे. वाईट बातमी कशी सांगावी याची ‘स्पाइक्स’ नावाची सहा पायऱ्यांची पद्धत 2000 साली मांडली गेली. तिच्यात निदान सांगण्याच्या आधीची एक पायरी अशी, की तुम्हाला किती जाणून घ्यायचंय हे पेशंटलाच विचारायचं. आई म्हणाली, “मला नको बाबा ते, तू आणि डॉक्टर बघा,” तर फाइल तिने आपल्या हाताने दिली. न विचारता घेतली, तर ती आपण काढून घेतली.

म्हणून सांगणं एवढंच आहे. सगळं एका दमात सांगू नका, आकडे तोंडावर फेकू नका, खोटी आशाही दाखवू नका. पण पुढच्या वेळी केबिनचं दार ढकलण्याआधी एकदा मागे वळा आणि विचारा, “आई, तूही आत येतेस?”